गार व्हायला ठेवलेला डबा

जपानी डब्याचा पहिला नियम भाजीबद्दल नाही, झाकणाबद्दल आहे. गरम अन्नावर झाकण लावायचं नाही. वाफ आत कोंडली की भाताला घाम सुटतो आणि दुपारपर्यंत तो आंबतो. म्हणून डबा भरून उघडाच ठेवायचा, त्याला वारा लागू द्यायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच बंद करायचा. हा नियम मी पाळला नसता तर पुढचं काही घडलं नसतं. आपल्याकडे पोळी तव्यावरून थेट डब्यात जाते, वर झाकण, आणि बाई बसमागे धावते. त्यात कावळ्याला मधे शिरायला जागाच नसते.

मी हबीबगंजला एका लहानशा संघटनेत काम करते. स्टेशनचं नाव बदललं, तरी आम्ही हबीबगंजच म्हणतो. काम म्हणजे कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहायची, छापून आणायची, गेटवर वाटायची, आणि संध्याकाळी तीच पत्रकं भजीखाली पसरलेली बघायची. ‘जेवणाची सुट्टी हा हक्क आहे’ असं मी ठळक अक्षरात लिहायचे आणि स्वतः उभ्याउभ्या समोसा गिळायचे. याचा मला राग आला. मला बऱ्याच गोष्टींचा राग येतो, पण हा थेट पोटातून आला होता. त्याच सुमारास फोनवर एका जपानी बाईचा व्हिडिओ सापडला. ती अक्षरही बोलत नाही. सकाळी उठते, भाताचे गोळे वळते, गाजर कापते, सगळं एका चपट्या डब्यात बसवते आणि नवऱ्याच्या हातात देते. नवऱ्याच्याच का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा असा की हे मी स्वतःसाठी का करू नये.

आपलं जेवण या डब्यासाठीच केल्यासारखं आहे, हे कोणी सांगत नाही. जे गार खाल्लं तरी चालतं, ज्याला रस सुटत नाही आणि जे बोटांनी उचलता येतं, ते सगळं चालतं. मटकीची कोरडी उसळ, सांबारवडी, तिळकूट, परतलेली भेंडी. सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची. आम्ही मूळचे नागपूरकडचे, आमच्याकडे कोथिंबीर म्हणजे सांबार. मधे भिंत म्हणून पालकाचं पान उभं करायचं. जपानी लोक भाताच्या पोटात एक आंबट फळ दडवतात, मी लिंबाच्या लोणच्याची फोड दडवली. बासमतीचे गोळे होत नाहीत. राशनचा जाडा तांदूळ मात्र हाताला मीठपाणी लावून वळला की दगडासारखा बसतो. वरून काळे तीळ लावायचे. ते मी सोनागिरीच्या दुकानातून आणले.

“पूजा के लिए?” दुकानदाराने विचारलं.

“खाने के लिए.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुडी जरा लांबूनच सरकवली.

राहिला डबा. बाजारात प्लास्टिकचे मिळतात, पण ते मला नको होते. मग आठवलं, माळ्यावर बाबांचा डबा आहे. बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे. ती जमिनीवरची नव्हे. ती शॉपच्या, म्हणजे कारखान्याच्या शेडच्या, छताखाली रुळांवरून फिरते आणि तिच्या पोटाखाली काचेची केबिन टांगलेली असते. जेवणासाठी खाली उतरायचा त्यांना कंटाळा. म्हणून मांडीवर मावेल असा चपटा, लांबट, स्टीलचा डबा त्यांनी शोधून आणला होता. मधे पत्र्याची उभी पट्टी, दोन्ही बाजूंना दोन कड्या. दारातून निघताना ते नखाने कडी वाजवून बघायचे, टक टक. लागली आहे ना याची खात्री. मग माझ्या शाळेच्या डब्याची, टक टक. तो बहुतेक वेळा उघडा निघायचा. माझ्या दप्तराला बारा महिने वरणाचा वास यायचा.

बाबांना जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. कारखान्याच्या टाउनशिपमधलं क्वार्टर अजून आमच्याकडे होतं. नियमाप्रमाणे मुदत मिळाली, वाढवून मिळाली, आता संपत आली होती. त्यावर मी भांडत होते, ते पुढे येईलच. आधी ती टाउनशिप डोळ्यांपुढे यायला हवी. आमचा भाग जुना. बहुतेक क्वार्टरं रिकामी, दारांना पट्ट्या ठोकलेल्या. पाट्यांवर अजून नावं आहेत, आडनावापुढे हुद्दासुद्धा. अंगणातले पेरू पिकतात आणि आपले आपणच खाली पडतात. पाळीचा भोंगा वाजतो, आमच्या रस्त्यावर मात्र एकही दार उघडत नाही. दूधवाला बंद घरांपुढे अजून सायकल हळू करतो. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “आदत है, दीदी. कोई आवाज़ दे दे तो?” आणि पक्षी नाहीत. कावळे तर केव्हाच गेले. माणसं नाहीत, कचरा नाही, कावळा कशाला राहील?

म्हणून पहिल्या दिवशी कावळा दिसला तेव्हा मला बरंच वाटलं. आई आंघोळीला गेली होती. मी डबा भरला, स्वयंपाकघराच्या खिडकीत गार व्हायला ठेवला आणि चप्पल शोधायला वळले. परत बघते तर कठड्यावर कावळा. ओरडला नाही, पंख फडफडवले नाहीत, मीही त्याला उतरताना पाहिलं नव्हतं. तीन गोळ्यांकडे तो बघत राहिला. मग मधला उचलला आणि मागच्या अंगणात पेरूखाली गेला. तिथे त्याने तो खाल्ला नाही. मातीवर ठेवला आणि शेजारी उभा राहिला.

जपानी डब्याचा दुसरा नियम असा की रिकामी जागा ठेवायची नाही. जागा राहिली की अन्न घरंगळतं आणि ऑफिसपर्यंत सगळ्याची खिचडी होते. मी त्या जागी गाजर कोंबलं आणि बस पकडली.

ऑफिसात माझ्या टेबलाशेजारी एक मोठी सहकारी बसते, मी तिला दीदी म्हणते. दुपारी तिने मान लांब केली.

“दिखा तो, जापान से क्या आया है? दो ही लड्डू?”

“तीन थे. एक कौआ ले गया.”

तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

“तो बाकी मत खा, यार.”

“क्यों?”

“बस, ऐसे ही.”

मी दोन्ही खाल्ले, तिच्यासमोर, चावून चावून. अंधश्रद्धेवर आमचं एक पत्रक आहे, त्याचा मसुदा माझाच.

दुसऱ्या दिवशी तो आला. त्यानंतरही येत राहिला. डबा खिडकीत ठेवायचा अवकाश, की तो कठड्यावर. एका सकाळी त्याने गोळ्याला तोंड लावायच्या आधी बाजूला लोंबणाऱ्या कडीवर चोच मारली. टक टक.

आतून आई आली. देवपूजा अर्धी सोडून, ओल्या हातांनी. स्वयंपाकघराकडे नाही आली. ती थेट पुढच्या दाराकडे गेली आणि तिने दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं आणि समोरच्या घरांना पट्ट्या. ती दार धरून तशीच उभी राहिली, कोणाला तरी जाताना बघत असल्यासारखी. मग वळून माझ्याकडे आली. कावळा गोळा घेऊन गेला होता. तिने डबा पाहिला.

“हे काय आहे?”

“ओनिगिरी.”

“काय गिरी?”

“ओनिगिरी. भाताचे गोळे. जपानात सगळे खातात.”

“तीळ कोणी सांगितले लावायला?”

“व्हिडिओत होते.”

“काळे?”

“हो.”

“आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवले.”

“गार व्हायला ठेवले, आई. स्वयंपाकघराला एकच खिडकी आहे. ती दक्षिणेला ज्याने केली त्याला विचार.”

“पिंड आहेत हे,” आई म्हणाली. “त्यांच्या डब्यात.”

मी भांडायच्या तयारीत होते. पण राहिलेल्या दोन गोळ्यांवर ती नुसता हात धरून उभी राहिली, ऊब आहे का बघावं तशी.

आमच्या बाबांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. नर्मदेच्या घाटावर दहाव्याचे विधी झाले, पिंड मांडले, आणि आम्ही दूर जाऊन बसलो. आपल्यात तो शिवेपर्यंत थांबतात. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा येत नाही, असं मानतात. मग नातेवाईक एकेक करून मोठ्याने कबूल करतात, हे करू, ते करू. घाटावरच्या पंडितांना याचं कौतुक नव्हतं. “आप मराठी लोग बहुत बैठते हो,” ते म्हणाले. “गाय को दे दो, चलो.” नागपूरहून आलेला मामा काही हलायला तयार नव्हता. त्याने हात जोडून पिंडांना सांगितलं, “भाऊजी, पोरीचं लग्न मी लावून देतो.” म्हणजे मला न विचारता माझं लग्न एका न आलेल्या कावळ्याला कबूल करून झालं. मी म्हटलं, “मामा, हे माझ्या सहीशिवाय चालणार नाही.” कोणी हसलं नाही. कावळे होते, पलीकडच्या वडावर भरपूर होते. एकही उतरला नाही. शेवटी मामाने दर्भाचा कावळा केला, तो पिंडांना टेकवला आणि आम्ही निघालो. सगळ्यांनी काही ना काही कबूल केलं होतं. आई एकटी गप्प होती. परतीच्या गाडीत ती सारखी मागे वळून बघत होती.

आता मात्र कावळा माझ्या डब्याला रोज शिवत होता. मी ठरवलं, तपासायचं. एक दिवस नवा प्लास्टिकचा डबा आणून त्यात तेच गोळे ठेवले, तीळही तेच. तो आला, कठड्यावर बसला आणि मी खिडकीतून बाजूला होईपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. डब्याला शिवला नाही. दुसऱ्या दिवशी बाबांच्या डब्यात बिनतिळाचा साधा भात भरला. त्याने घास घेतला आणि पेरूखाली नेला. म्हणजे तिळाचा संबंध नाही, पिंडाचा नाही. संबंध डब्याचा. मी हे विजयाने आईला सांगितलं.

“म्हणजे कावळा हा डबा ओळखतो. त्यांची स्मरणशक्ती चांगली असते. बाबा कधी कावळ्याला घालायचे का?”

आई मेथी निवडत होती. “केबिनच्या वरती झरोका होता,” ती म्हणाली. “तिथे एक कावळा बसायचा म्हणे. पहिला घास त्याला. मी म्हणायची, यंत्रावर पक्षी कशाला बोलावता? तर म्हणायचे, तेवढीच वर सोबत.”

“बघ. झालं ना सिद्ध?”

“काय झालं?”

“की तो साधा कावळा आहे. डब्याला ओळखून येतो.”

“ओळखूनच येतो म्हणते मी पण,” आई म्हणाली.



भांडण काय होतं ते इथे सांगायला हवं. माझं म्हणणं साधं होतं. क्वार्टरं अशीही ओसाड पडलेली आहेत. मग निवृत्त माणसांना आणि विधवांना ती भाड्याने राहू द्या. मी घरोघरी फिरून अर्ज तयार केला होता. वर लिहिलं होतं, ‘ही वसाहत आमच्या हातांनी वसली, आम्हाला इथून उठवू नका.’ पहिली सही आईची. ती ठाम होती, मुदत संपली तरी हलणार नाही म्हणायची, आणि मला तिचा अभिमान वाटायचा. सुनावणीला तिला उभं करायचं, तिच्या तोंडून बोलवायचं, असा माझा बेत होता. अशोका गार्डनला दोन खोल्या मिळत होत्या, तिने त्या बघायलाही नकार दिला होता.

त्या संध्याकाळी मी तिला सुनावणीत काय बोलायचं ते समजावत होते. तिने सगळं ऐकून घेतलं.

“तू लिहिलंस ते खरं आहे,” ती म्हणाली. “पण मी त्यासाठी सही नाही केली, बेटा.”

“मग कशासाठी?”

“आपण गेलो आणि ते घरी आले तर?”

घरात खरंच कोणीतरी ऐकत असल्यासारखं झालं. आईच पुढे बोलली, साध्या आवाजात, बाजारहाट सांगावा तशी. बाबा गेले तो दिवस सकाळच्या पाळीचा. वर चढायच्या आधीच छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं आणि दुपारपर्यंत संपलं. संध्याकाळी कोणीतरी डबा आणून ओट्यावर ठेवला. मी तेव्हा माणसांत बसले होते. आईने स्वयंपाकघरात जाऊन तो उघडला. गोळाभात होता, आमच्याकडचा, भाताबरोबर वाफवलेले डाळीचे गोळे आणि वरून लसणाची फोडणी. घासभरही कमी झालेला नव्हता.

“उपाशी गेले,” आई म्हणाली. “घाटावर सगळे काय काय कबूल करत होते. मला माहीत होतं काय राहिलंय. पण ते आता कसं कबूल करणार? जेवायला वाढते म्हणून?”

“त्या भाताचं काय केलंस?”

“कोणाला देववेना. टाकवेना. पेरूखाली पुरला.”

मी खिडकीकडे बघितलं नाही. बाहेर काय होतं ते मला माहीत होतं, एक झाड होतं. तरी मी बघितलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी उठले तर लसणाचा वास. आईने डाळ भिजवून वाटली होती, गोळे वळून भातात सोडले होते. तिने माझे तीळ बाजूला सारले. बाबांचा डबा घासून कोरडा केला, पट्टीच्या एका बाजूला गोळे आणि दुसऱ्या बाजूला भात बसवला, गच्च, कुठेही फट नाही. जपानी बाईला दाखवावा असा. मग तिने तो खिडकीत ठेवला आणि माझा हात धरून मला शेजारी उभं केलं.

“गार होऊ दे,” मी म्हणाले.

“त्यांना गरमच लागायचं. रोज गार खाल्लं बिचाऱ्यांनी.”

तो आला. कठड्यावरून डब्याच्या काठावर आला. आम्ही हात लांबवला असता तर लागला असता. त्याने आधी एक गोळा फोडला आणि तिथेच खाल्ला. पेरूकडे गेला नाही. मग भात. मग पुन्हा गोळा. सावकाश, घाई न करता, समोर दोन बायका उभ्या असताना. कारखान्याचा भोंगा झाला तरी दचकला नाही. बरंच संपवलं त्याने. शेवटी चोच डब्याच्या काठावर पुसली, इकडून एकदा, तिकडून एकदा, आणि निघून गेला. माझ्या अंगावर काटा होता आणि मला त्याचा संताप येत होता. आई शांत होती.

“जेवले,” ती म्हणाली.

तिने डबा घासून पालथा घातला. मग स्टूल ओढलं आणि पुढच्या खोलीचे पडदे काढायला लागली.

“आई, सुनावणी आहे.”

“तू जा ना. बाकीची माणसं आहेत तुझी.”

“पहिली सही तुझी आहे.”

“खोड मग.”

“एका कावळ्याच्या सांगण्यावरून घर सोडतात का?”

ती स्टुलावरून माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच काळाने मी तिला हसताना पाहत होते.

“कावळ्याच्याच सांगण्यावरून राहिले होते,” ती म्हणाली. “त्या रिंगा काढ तिकडून.”

आम्ही अशोका गार्डनला आलो. इथे रुळांचा आवाज आहे, भांडणं आहेत, भाजीवाला आहे, आणि कावळे ढीगभर. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते मी मुद्दाम पाहिलेलं नाही. डबा आता आईच भरते आणि बाबांचाच भरते. खिडकीत ठेवला तर एकही कावळा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. काळे तीळ मात्र परत करायला तिने मला वाण्याकडे पाठवलं. त्याने घेतले नाहीत, पुडीला हातही लावला नाही.

अर्ज मी मागे घेतला नाही. बाकीच्या सह्या तशाच आहेत आणि त्या माणसांना खरोखर घर हवं आहे. सुनावणी पुढे ढकलली गेली तेव्हा मी त्यांना सांगायला टाउनशिपमध्ये गेले होते. येताना आमच्या क्वार्टरवरून आले. दाराला पट्टी बसली होती. मागे गेले. खिडकीची काच बंद होती, बाहेरचा कठडा तेवढा मोकळा. दुपार झाली होती, मला भूक लागली होती, म्हणून पेरूखालच्या दगडावर बसून डबा काढला. कड्या उघडणार तेवढ्यात लक्ष गेलं. तो कठड्यावर होता.

मी झाकण काढलं, उठले आणि डबा कठड्यावर त्याच्यासमोर सरकवला. सांबारवडी होती, भात होता. त्याने अन्नाकडे पाहिलं. मग मान वाकडी करून माझ्याकडे. भाताला तोंड लावलं नाही. मी बाजूला सरकले, दूर गेले, पाठ केली, तरी नाही. पुन्हा वळले तेव्हा त्याने लोंबणाऱ्या कडीवर चोच मारली. टक टक. आणि उडून गेला. पेरूकडे नाही, कारखान्याच्या बाजूला, छपरांवरून सरळ.

मला जेवण गेलं नाही. डबा तसाच बंद करून घरी आणला आणि ओट्यावर ठेवला. ठेवला मात्र, भरलेला डबा ओट्यावर बघून आईचा चेहरा उतरला. म्हणून मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती घाबरेल, परत जाऊया म्हणेल. तिने नीट ऐकलं.

“खाल्लं नाही त्याने,” मी म्हणाले. “समोर ठेवलं तरी.”

“पोट भरलं असेल.”

“मग आला कशाला?”

आईने डबा पुढे ओढला. एका बाजूची कडी अर्धवट लागलेली होती आणि माझ्या पिशवीला तेलाचा डाग पडला होता. तिने ती कडी अंगठ्याने दाबून बसवली.

“डबा बंद आहे का बघायला,” ती म्हणाली. “तू कधी नीट लावत नाहीस.”